स्वतःचे पान

पायरी जिथे दिसली तिथे ती नव्हती. चार बोटे खाली होती, आणि त्या चार बोटांच्या पोकळीत त्याचा उजवा पाय क्षणभर नुसताच लोंबला. कठडा हाताला लागला म्हणून तो पडला नाही. मागून उतरणारा टपालवाला "सांभाळून, साहेब" म्हणाला आणि हातातला गठ्ठा सावरत पुढे गेला. घाबरण्यासारखे त्यात काही नव्हते. चष्मा नवा होता. वरच्या भागातून लांबचे, खालच्या भागातून जवळचे, आणि मधल्या पट्ट्यात कुठेतरी ही पायरी. सुनेने बजावले होते, "बाबा, उतरताना नुसती नजर खाली नेऊ नका, अख्खी मान खाली घाला. नाहीतर जमीन फसवेल तुम्हाला." ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासत असे आणि घरातल्या सगळ्यांचे नंबर तिला तोंडपाठ होते. तिचे म्हणणे त्याला पटलेही होते, आणि तरी आज तो नुसत्या नजरेने उतरला. तळघराच्या दाराशी पोचल्यावरही छातीतली धडधड थांबेना. अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला एका पायरीने एवढे हलवावे याचे त्याला नवल वाटले. मग ते ओसरले आणि धडधड तेवढी उरली. पायरीची म्हणून सुरू झालेली ती धडधड आता दुसऱ्याच कशाची तरी वाट पाहत होती.

प्रयोगशाळा विद्यापीठाच्या जुन्या इमारतीच्या तळघरात होती. खिडक्या छताला लागून, रस्त्याच्या पातळीवर. त्यातून दिवसभर माणसांचे फक्त पाय जाताना दिसत. इथे काम चाले ते खणक्यांवर. जमिनीखाली बोगदे खणत जन्म काढणारा, मुठीत मावेल एवढा, मखमली केसांचा आणि फावड्यासारख्या पंजांचा हा प्राणी. पुस्तकांत त्याला मोल म्हणतात, पण तळघरात पहिल्याच वर्षी कुणीतरी खणक्या म्हटले आणि तेच चिकटले. एकमेकांच्या नात्यातल्या सात जातींचे खणके प्राध्यापिका बाईंनी आठ वर्षे खपून जमवले होते. सातही बाहेरून सारखे, शेजारी ठेवले तर बाईंनाही क्षणभर सांगता येऊ नये असे. पण पेशीच्या आत गुणसूत्रे मोजली की कुणाची चौतीस, कुणाची छत्तीस, एकाची अडतीस. कुठे दोन जोडली गेलेली, कुठे एखादा तुकडा उलटा बसलेला, कुठे गुणसूत्राची कंबर तेवढी जागेवरून सरकलेली आणि बाकी सगळा मजकूर जसाच्या तसा. कोण कुणापासून कधी फुटला हे त्यावरून मांडायचे, हे बाईंचे काम. त्याचे काम त्याआधीचे: पेशी वाढवणे, फुटायच्या नेमक्या क्षणी त्यांना थांबवणे, काचेवर उतरवणे, मोजणे आणि तक्ता लावणे. हे काम तो चौतीस वर्षे करत होता, आधी एका रुग्णालयात माणसांच्या रक्तावर आणि आता इथे. त्याच्या उमेदीच्या काळात गुणसूत्रांचे फोटो कागदावर काढून, एकेक कात्रीने कापून, जोडीजोडीने चिकटवत असत, आणि त्याच्या हाताची सफाई अशी होती की त्याचे नावच कात्री पडले. बाई त्याला कात्रीसाहेब म्हणत.

त्या सोमवारी त्याच्यासमोर जो खणक्या होता तो दोन जातींच्या हद्दी जिथे मिळतात त्या कुरणातला होता. अलीकडचे छत्तीसवाले, पलीकडचे चौतीसवाले. त्याने पडद्यावर मोजले, पुन्हा मोजले, आणि एका लांब गुणसूत्रावर कापायची रेघ ओढायला बोट उचलले, तेवढ्यात बाई चहाचा कप घेऊन मागे येऊन उभ्या राहिल्या.

"किती भरतात, कात्रीसाहेब?"

"पस्तीस. एखादं निसटलं असणार पेशी फुटताना. नाहीतर हे मोठं दिसतंय ना, ही दोन आहेत. डोकी चिकटलीत. कापतो."

"थांबा. कापू नका." त्यांनी कप खाली ठेवला. "दुसरी पेशी बघितलीत?"

"पस्तीस."

"तिसरी?"

तिसरीतही पस्तीसच होती. त्याने ती मघाच मोजली होती आणि बाजूला सारली होती.

"म्हणजे दर वेळी तेच एक निसटतं, नाहीतर दर वेळी तीच दोन चिकटतात? अहो, चिकटलेलं नाही ते. जोडलेलंच आहे. एकच आहे ते!" बाई हसल्या, आणि त्यांनी त्याच्या खांद्यावर अशी थाप मारली की चष्मा नाकावरून घसरला. "सापडला. आठ वर्षं शोधतेय मी याला. मधला सापडला!"

त्याला थंडी वाजली. तळघर थंडच असे, पण ही थंडी आतून, बरगड्यांच्या मागून येत होती. बाई बोलत होत्या. त्या आनंदात असल्या की वर्गात बोलावे तसे बोलत, आणि तो वर्गातल्या मागच्या बाकावरच्या विद्यार्थ्यासारखा हो-हो करत होता. "याला स्वतःला काय होतंय? काही नाही. मजकूर सगळा शाबूत आहे, दोन वह्या एका दोऱ्यात शिवल्यात एवढंच. खातोय, खणतोय, मजेत आहे. पंचाईत होते ती पिल्लांच्या वेळी. वाटणी करायला जोड्या लागल्या की एका लांबड्यासमोर दोन आखूड उभे राहतात. कधी वाटणी नीट होते, कधी होत नाही. नाही झाली की पिल्लू पोटातच विरतं."

"आणि तरी त्यातून जात तयार होते?"

"होते की. कुठल्यातरी एकात हे पहिल्यांदा घडतं, त्याची काही पिल्लं जगतात, त्यांची काही जगतात, आणि एखादं कुरण असं निघतं की तिथं सगळेच जोडलेले. मग आपण म्हणतो, ही वेगळी जात."

"आणि मधल्या काळात जी विरली ती?"

"ती कुठे दिसतात, कात्रीसाहेब? आपल्याला उरलेलेच दिसतात." बाईंनी कप उचलला. चहावर साय धरली होती.

छताजवळच्या खिडकीतून पाय चालले होते. एक स्त्री, तिच्या मागे एक मूल, मग कुणीच नाही. एकच आहे ते. त्याने डोळे मिटले तर मिटल्या डोळ्यांआड दुसरेच पान होते, पिवळे पडलेले, कडेला गोंदाचे डाग असलेले. रुग्णालयातल्या त्या खोलीचा एक दंडक होता. नव्या माणसाने दुसऱ्याच्या रक्ताला हात लावण्याआधी स्वतःचे रक्त काढायचे, स्वतःचा तक्ता लावायचा, आणि ते पान खोलीच्या भिंतीवर सगळ्यांच्या पानांच्या ओळीत डकवायचे. 'स्वतःचं पान लाव, मग दुसऱ्याचं वाच,' असे थोरले डॉक्टर म्हणत. त्याचे वय तेव्हा चोवीस. त्याने तीन पेशी मोजल्या होत्या आणि तिन्हींत पंचेचाळीस भरली होती. माणसाची शेहेचाळीस हवीत. त्याला दरदरून घाम फुटला होता, पण तो कसला? आपल्या देहाचा? छे. आपल्या हाताचा. आपल्याला काचेवर थेंब टाकता येत नाही, पेशी भलत्या फुटतात, एक निसटते, आता थोरले डॉक्टर म्हणणार, हा कामाचा नाही. डॉक्टर जाता जाता त्याच्या टेबलाशी थांबले होते, फोटोकडे ओझरते बघत म्हणाले होते, "डोकी चिकटतात रे या लहानग्यांची. कापून वेगळी करावी लागतात." ते सगळ्यांनाच तसे सांगत, आणि बहुतेकदा ते खरेही असे. त्याने कात्री घेतली. ते मोठे गुणसूत्र कमरेत नेमके कापले, दोन तुकडे झाले, दोन्ही आपापल्या जोडीदाराशेजारी चिकटवले, आणि पान भरले. शेहेचाळीस. डॉक्टरांनी संध्याकाळी पान उजेडाकडे धरून बघितले. "हात चांगला आहे तुझा," ते म्हणाले. कात्री हे नाव त्याच दिवशी पडले.

आणि नंतर? नंतरच्या सव्वीस वर्षांत त्या खोलीत त्याने असे जोडलेले गुणसूत्र कितीदा पाहिले, किती जणांच्या अहवालावर लिहिले! दोनदोन तीनतीन वेळा पोट रिकामे झालेली जोडपी बाहेरच्या बाकावर बसलेली असत. बायको पायांकडे बघत, नवरा भिंतीकडे. त्या भिंतीच्या आतल्या बाजूला त्याचे पान होते. एकदाही त्याच्या मनात आले नाही? आले होते. एका दुपारी, कुणा शिक्षकाच्या रक्तात तेच लांबडे गुणसूत्र पाहताना, त्याची मान आपोआप भिंतीकडे वळली होती. आणि अर्ध्यावर, म्हणजे अगदी अर्ध्यावर, त्याने ती परत आणली होती. कुणीतरी त्याला हाक मारली होती का? बहुधा नाही. खोली बंद झाली तेव्हा ज्याची त्याची पाने ज्याला त्याला परत दिली. त्याचे घरी टेबलाच्या खणात होते, हमीपत्रांच्या आणि जुन्या ओळखपत्रांच्या खाली.

त्या संध्याकाळी घरी सगळे नेहमीसारखेच होते, आणि ते नेहमीसारखे असणेच त्याला सोसवेना. सून दुकानातून आली, पाव आणि अंडी घेऊन. तिला अकरावा आठवडा लागला होता. बायको दारातच धावली.

"आण ती पिशवी इकडे. सांगितलंय ना, काही उचलायचं नाही म्हणून?"

"आई, पिशवी आहे ती. पियानो नाही."

"हसू नकोस. मी एकदा उचललं होतं. त्याचं काय झालं ते मला माहितीय."

"माहितीय मलाही," सून हळूच म्हणाली आणि पिशवी देऊन टाकली.

माहीत सगळ्यांनाच होते. मुलाच्या आधी दोन गेली होती. पहिले आठवड्यांच्या हिशेबात धरण्याइतकेही नव्हते; दुसरे चौथ्या महिन्यात, घर बदलले त्याच्या दुसऱ्या दिवशी. लोखंडी कपाट जिन्याच्या वळणावर अडले होते आणि तोच म्हणाला होता, "अगं, जरा हात लाव." तिने हात लावला. दुसऱ्या दिवशी न्हाणीघरातून तिने त्याला मारलेली हाक त्याला अजून ऐकू येई. हाक नव्हतीच ती, नुसतेच त्याचे नाव, प्रश्नासारखे. नंतर दवाखान्यात ती एकच वाक्य म्हणत राहिली, मी कशाला उचललं, मी कशाला उचललं. तो तिच्या पाठीवरून हात फिरवत होता. तू एकटीने नाही उचललेस, असे त्याला म्हणायचे होते, पण तो म्हणाला, "होतं असं. जाऊ दे." ते कपाट अजून त्यांच्या खोलीत होते. त्यानंतर दोन घरे बदलली, दोन्ही वेळी ते हमालांनी हलवले, आणि झाडतानासुद्धा ती त्याच्या पायांशी केरसुणी नेत नसे. भिंतीलगत धुळीची एक पट्टी कायम राही. ती पट्टी तो कधीतरी रविवारी, न बोलता, पुसून घेई.

जेवताना त्याने मुलाकडे पाहिले. मुलगा उद्वाहनांची दुरुस्ती करत असे. तिसाव्या मजल्याच्या पोकळीत लिफ्टच्या छपरावर उभा राहून तारा तपासणारा, आणि सुई दिसली की आडवा होणारा. शाळेत लस टोचताना दोनदा पडला होता. आपलीच कपाळाची ठेवण, आपलाच उजव्या भुवईतला भोवरा. खणक्यांच्या भाषेत, आईसारखा पंजा, बापासारखी मखमल. गेल्या वर्षी सुनेचेही दुसरे बाळ पोटातच गेले तेव्हा तिच्या डॉक्टरीण बाईंनी दोघांचीही गुणसूत्रे तपासायची चिठ्ठी दिली होती. याच टेबलाशी, याच खुर्चीत बसून तो म्हणाला होता, "हिचं करून घ्या. त्याचं कशाला? मी स्वतः मोजलेलं घराणं आहे हे." सगळे हसले होते. मुलगा तर सुटल्यासारखा हसला होता: "बाबांनी शिक्का मारलाय बरं का!" सून एकटीच गेली, दंड पुढे करून रक्त देऊन आली, आणि अहवाल निर्दोष आला. तेव्हापासून घरात कुणी काही म्हणाले नव्हते. बायको मनाने वाईट नव्हती. पण कुणी काही म्हणत नाही तेव्हा घरे स्वतःच बोलतात: पिशव्या हातातून काढून घेतल्या जातात, जिने मोजले जातात, एका बाईने काहीतरी सोडावे आणि दुसरीने ते पाहून मान हलवावी असे चालू होते.

"बाबा, जेवत नाही तुम्ही. चष्म्यानं डोकं दुखतंय का?" सुनेने विचारले.

"नाही, नाही. होईल सवय."

"चार दिवसांत नाही झाली तर दुकानात या. मी बघते."

मंगळवारी सकाळी, बाई यायच्या आत, त्याने दंडाला रबरी नळी बांधली, टोक दातांत धरले आणि डाव्या हातातून रक्त काढले. शीर म्हाताऱ्यासारखी सुईखालून निसटली, दुसऱ्यांदा लागली. रक्ताच्या काचनळीवर काय लिहावे याचा विचार करत तो बराच वेळ उभा राहिला आणि शेवटी त्याने 'खणक्या, आठ' असे लिहून ती उबेच्या पेटीत इतर सातांच्या ओळीत ठेवली. रक्ताला बाहत्तर तास लागतात. ते बाहत्तर तास तो सगळे करत होता, मोजत होता, हसत होता, आणि आतून सतत कान देऊन होता. खणक्याला म्हणे डोळ्यांची उणीव कातडीने भरून निघते. जमिनीवरून कुणी चालले तर त्याला नाकाच्या शेंड्यात कळते. त्याला तसे कळत होते. सुनेच्या खोलीचे दार उघडले की, न्हाणीघरातला दिवा लागला की, ती पाण्याचा पेला घेताना क्षणभर थांबली की. बुधवारी तिने कमरेवर हात ठेवून "आई गं" म्हटले आणि त्याच्या हातातली बशी खाली पडून फुटली. तिची कंबर टेबलाच्या कोपऱ्यावर आपटली होती, एवढेच. बायको तुकडे वेचत म्हणाली, "तुम्हाला काय झालंय? तिच्यापेक्षा तुम्हीच जास्त दिवसांचे दिसताय." सून खदखदून हसली. त्याला वाटले, आत्ता सांगावे, या हसण्यात सांगावे. पण हसणे किती लहान असते! आणि तो काय सांगणार होता? अजून मोजले नव्हते. मोजल्याशिवाय बोलू नये हे त्याने जन्मभर पाळले होते, आणि त्या नियमाच्या आड उभे राहता येते हे त्याला आता दिसत होते.

शुक्रवारी त्याने पेशी थांबवल्या, फुगवल्या, धुतल्या. थंडगार ओल्या काचेवर वितभर उंचीवरून थेंब टाकला. हात चांगला होता. थेंब जिथे पडायला हवा तिथेच पडला. रंग दिला. पहिल्या पेशीत पंचेचाळीस. त्याने वीस पेशी मोजल्या. विसांत पंचेचाळीस, आणि विसांतही ते एक, लांब, कमरेत किंचित आवळलेले, त्याने चोविसाव्या वर्षी कात्री लावली तेव्हा होते तसेच. त्याला वाटले होते, कळल्यावर भीती संपेल, निदान तिला आकार येईल. आकार आला, पण ती संपली नाही. ती मुलाच्या भुवईतल्या भोवऱ्याकडे सरकली, तिथून सुनेच्या पोटाकडे, आणि तिथे बसून राहिली.

"हा कुठला खणक्या?" बाई मागे उभ्या होत्या. त्या मनात मोजत होत्या. ओठ हलत होते. मग ओठ थांबले. "हा खणक्या नाही."

"नाही."

"कोणाचं आहे?"

"माझं."

बाईंनी खुर्ची ओढली आणि त्या बसल्या. सोमवारचा आनंद आठवून त्यांना लाज वाटली असावी. त्या आपल्या हातांकडे बघत होत्या. त्याने थोडक्यात सांगितले. पान, कात्री, टेबलावरचा विनोद. आपला आवाज अहवाल वाचतानाचा आहे हे त्याला ऐकू येत होते.

"मुलाला आलेलं असेलच असं नाही," बाई म्हणाल्या. "निम्मी शक्यता."

"दोन गेलीत त्यांची."

"हो. कितवा आठवडा?"

"अकरावा संपतोय."

"मग तपासायला वेळ आहे. पण कात्रीसाहेब, वेळ म्हणजे दिवस. तुम्ही इथं बसून आणखी वीस पेशी मोजाल, मला माहितीय तुम्ही. मोजू नका. जा."

चष्म्याचे दुकान दोन रस्ते सोडून होते. वाटेत घरी थांबून त्याने खणातले पान घेतले. बायको गच्चीवर कपडे काढायला गेली होती, म्हणून ते जमले. दुकानात सून एकटीच होती. "आलात ना शेवटी? म्हटलंच होतं मी. बसा," असे म्हणत तिने त्याला आतल्या छोट्या खोलीत, उंच खुर्चीवर बसवले, दिवा मालवला आणि जड चौकट त्याच्या नाकावर ठेवली. अंधारात तिच्या बोटांना साबणाचा वास येत होता. तिने एका डोळ्यावर भिंग सरकवले.

"समोर बघा. एक दिवा दिसतो की दोन?"

दोन होते. मग ते एकमेकांकडे सरकले, कडेला कड लागली, आणि मिसळले.

"एक."

"नक्की? घाई करू नका."

"एकच आहे. मीच त्याचे दोन केले होते."

"काय म्हणालात?"

इथे तिचा चेहरा दिसत नव्हता, तरी त्याला वाटले होते तसे ते सोपे नव्हते. त्याने सांगितले. तिचा श्वास तेवढा ऐकू येत होता, आणि बाहेर कुणीतरी दुकानाचे दार ढकलून, कुणी नाही पाहून, निघून गेले. सांगून झाल्यावर तिने दिवा लावला, त्याच्या मांडीवरचे पान उचलले आणि नंबर तपासायचे भिंग डोळ्याला लावून त्यावर वाकली. बराच वेळ वाकून राहिली.

"बाकीच्यांची टोकं गोल आहेत," ती म्हणाली. "या दोघांची सरळ. कापल्यासारखी. हे कुणालाच दिसलं नाही?"

"कुणी बघितलं नाही."

"तुम्हाला कधी कळलं?"

"सोमवारी."

"खरं सांगा, बाबा."

त्याने चौकट काढून हातात घेतली. "सोमवारी पक्कं कळलं. शंका... कडेकडेनं बरीच वर्षं फिरत होती. मी तिच्याकडे बघितलं नाही."

"बघितलं नाही," ती म्हणाली. तिने ते पुन्हा म्हटले, चव घेतल्यासारखे. "मी चहा सोडला. पोहणं सोडलं. जिना उतरताना मी पायऱ्या मोजते, माहितीय? रोज रात्री आठवते, आज काय चुकीचं केलं. आणि तुम्ही समोर बसून जेवत होता."

बोलण्यासारखे जे होते ते सगळे तिला उद्देशून नव्हते, स्वतःला सोडवण्यासाठी होते, आणि एवढे तरी त्याला कळत होते. ती पाठमोरी झाली. भिंगे एकेक करून डबीतल्या खाचांत बसवू लागली. एक खाचेत जाईना, तिने ते तसेच वर ठेवले.

"आता काय करायचं ते सांगा. तुमच्या कामातलं सांगा, बाकी नको."

"उद्या सकाळी त्याचं रक्त. त्यात असलं तर तुझ्या डॉक्टरीण बाईंना सांगून बाळाची तपासणी, या पंधरवड्यात. जोडलेलं असूनही बाळ चांगलं असू शकतं. मी आहे तसं. तो आहे तसा."

"आणि नसूही शकतं."

"नसूही शकतं."

"उपाशी यावं लागतं त्याला?"

"नाही. पोटभर खाऊन आलेला बरा."

"पडेल तो."

"मी धरीन."

तिने पान परत दिले. त्याच्याकडे न बघता, पण हातात. तो दारापर्यंत गेला तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे आईंच्या त्या कपाटाचा काही संबंध नव्हता."

या चार दिवसांत त्याने मुलाचा विचार केला होता, सुनेचा, बाळाचा, थोरल्या डॉक्टरांचासुद्धा. या वाक्यापाशी तो येत होता आणि वळत होता. भिंतीकडे वळलेली मान अर्ध्यावर परत आणावी तसा.

"मी नाही सांगणार त्यांना," सून म्हणाली. "ते तुमचं आहे. आत्ता जा. मी यायच्या आत."

बाहेर लख्ख दुपार होती. रस्ता ओलांडताना त्याच्या लक्षात आले की सोमवारपासून जी भीती तो भीती म्हणून ओळखत होता ती तर फक्त वाट होती; ती या घराच्या दारापर्यंत आणून सोडत होती. जिना चढताना त्याने कठडा धरला. बायको पलंगावर वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. कपाट तिच्या पाठीमागे, नेहमीच्या जागी.

"आज लवकर? झाला का चष्मा नीट?"

त्याने पान तिच्यासमोर, टॉवेलच्या घडीवर ठेवले.

"हे काय?"

"माझं पान. रुग्णालयातलं."

"ते आज कशाला काढलंत? काय झालं? पोरीला काही झालं का?" ती उठू लागली.

"ती ठीक आहे. बस. मला त्या कपाटाचं सांगायचंय."

ती बसली. हातातली बाही तिने दुमडली, उलगडली, पुन्हा दुमडली. कपाटाकडे तिने पाहिले नाही. "त्याचं काय?"

"त्यानं काही केलं नव्हतं. तेव्हा. तूही नाही."

खालच्या रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होते; "येऊ द्या, येऊ द्या" असा आवाज येत राहिला आणि मग थांबला. ती त्याच्याकडे बघत होती. तीस वर्षांपूर्वी न्हाणीघरातून आलेल्या त्या हाकेत जो प्रश्न होता तो अजून तिच्या चेहऱ्यावर होता, आणि तो आजच आल्यासारखा त्याला दिसला.

"मग कुणी?" ती म्हणाली.

त्याने मान खाली घातली, आणि पानावर जिथे दोन सरळ काठ होते तिथे बोट ठेवले.